फँटसी रोलप्लेइंगमधले क्लास: लोकप्रियतेनुसार गट कसे पाडायचे आणि क्रम कसा लावायचा

फँटसी रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, आणि त्या पात्राचा पेशा (योद्धा, जादूगार, चोर वगैरे) म्हणजे त्याचा क्लास. २०१७ मध्ये फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने ‘डी अँड डी बियाँड’वर, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलवरच्या खेळाच्या ऑनलाइन साधनावर, तयार झालेल्या पात्रांची मोजदाद छापली होती. त्यात फायटर (योद्धा) सगळ्यात वर होता, मानव फायटर ही वंश आणि क्लासची सर्वाधिक दिसणारी जोडी होती आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) तळाला होता. सहा वर्षांनी ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम आला. तोही डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या त्याच पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा, क्लासही तेच बारा. पण तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने जाहीर केलेल्या आकड्यांत पहिला नंबर पॅलाडिनचा (दैवी शक्ती असलेल्या योद्ध्याचा) लागला. सॉर्सरर (जन्मजात जादू असलेला) आणि फायटर त्याच्या मागे.

मग सगळ्यात लोकप्रिय क्लास कोणता? दोन्ही याद्या खऱ्या आहेत आणि दोन्हींमागे भरपूर पात्रं आहेत, त्यामुळे एकीला चूक ठरवून प्रश्न सुटत नाही. माझं मत असं की लोकप्रियता क्लासच्या अंगात नसतेच. तो कोणत्या यादीत, कोणासमोर, फुकट की विकत आणि कोणत्या सोबत्यांच्या शेजारी ठेवला आहे, यावर ती ठरते. हे ध्यानात घेऊन यादी केली तर तिच्यातून खेळाडूंबद्दल काहीतरी कळतं. नाहीतर ती पुढच्या वादाला सरपण होते, एवढंच.

खाली दिलेली पद्धत कोणत्याही क्लास असलेल्या खेळाला लागू पडते. उदाहरणं मुख्यतः डी अँड डीची घेतली आहेत, कारण त्याचे क्लास बहुतेकांना माहीत असतात. साधी स्प्रेडशीट पुरते.

पहिली पायरी: ‘लोकप्रिय’ म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा

हे वाक्य फाइलच्या पहिल्या ओळीत लिहूनच ठेवा. लोकप्रियतेचे निदान चार अर्थ होतात आणि चारही अर्थांनी वेगळी यादी निघते: किती पात्रं तयार झाली, किती पात्रं प्रत्यक्ष खेळली गेली, किती जण त्याला आवडता क्लास म्हणतात, आणि किती जण तो पुन्हा घेतात.

तयार झालेली पात्रं मोजणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. ऑनलाइन साधनांवर लोक रात्री बसून पात्रं बनवत राहतात, त्यातली बरीचशी कधी टेबलवर येत नाहीत. नवा माणूस साधन कसं चालतं ते पाहायला पहिलं पात्र बनवतो, ते बहुधा फायटर असतं आणि तिथेच पडून राहतं. मोठ्या साधनाचे आकडे हाताशी असतील तर एक चाळणी लावा: तिसऱ्या लेव्हलच्या (पात्र अनुभवाने चढतं त्या पायरीच्या) खालची पात्रं सोडून द्या. तिसरीच का, तर २०१४ च्या नियमांत क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा), सॉर्सरर आणि वॉरलॉक (गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) यांना सबक्लास, म्हणजे क्लासची उपशाखा, पहिल्याच लेव्हलला मिळतो, ड्रुइड आणि विझर्डला (अभ्यासाने जादू शिकलेल्याला) दुसऱ्या, बाकीच्यांना तिसऱ्या. २०२४ च्या सुधारित नियमांत तर सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो. म्हणजे तिसऱ्या लेव्हलला प्रत्येक पात्राची ओळख पूर्ण झालेली असते.

‘आवडता’ आणि ‘खेळलेला’ यांतलं अंतर क्लेरिकच्या बाबतीत नीट दिसतं. पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या पात्रांच्या गटात, जखमा बऱ्या करणारा कोणीतरी हवा असतो, चौघं आपापलं पात्र ठरवून मोकळे झालेले असतात, आणि उशिरा आलेल्या पाचव्याच्या गळ्यात क्लेरिक पडतो. मोजणीत तो एक क्लेरिक म्हणून जमा होतो. मनातून त्या माणसाला ‘रोग’ (Rogue, म्हणजे लपतछपत काम साधणारा चोर) व्हायचं होतं, हे आकड्यात कुठेच दिसत नाही.

दुसरी पायरी: एकक ठरवा

फायटरच्या ५ आणि रोगच्या ३ लेव्हल घेतलेल्या मिश्र पात्राला कुठे मोजायचं? तीन मार्ग आहेत. ज्या क्लासच्या लेव्हल जास्त त्याला पूर्ण पात्र द्यायचं. जो क्लास पहिल्यांदा घेतला त्याला द्यायचं. किंवा वाटून द्यायचं, म्हणजे आठपैकी पाच लेव्हल फायटरच्या म्हणून ०.६२५ फायटरला आणि ०.३७५ रोगला. मी वाटणी पसंत करतो. पॅलाडिन खेळणारे पुष्कळ जण केवळ फायद्यासाठी वॉरलॉकच्या एक-दोन लेव्हल उचलतात. अशा प्रत्येकाला अख्खा वॉरलॉक धरलं तर वॉरलॉक उगाच फुगतो, आणि अजिबात धरलं नाही तर त्याची खरी ओढ लपते.

सबक्लास वेगळे मोजायचे की क्लासच्या पोटात, तेही आधीच ठरवा. २०२४ च्या खेळाडू-पुस्तकात बारा क्लास आणि प्रत्येकाचे चार, असे अठ्ठेचाळीस सबक्लास आहेत. ते सगळे क्रमात लावायचे तर मोठा नमुना लागतो. मित्रमंडळींतल्या साठ जणांच्या उत्तरांवर अठ्ठेचाळीस पायऱ्यांची यादी करणं म्हणजे निव्वळ फाशांची फेक.

काही खेळांत पात्र मोजणंच चुकीचं ठरतं. ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळात एकच पात्र सगळे जॉब (तिथले क्लास) शिकू शकतं, तेव्हा तिथे ‘सर्वाधिक वेळ कोणता जॉब’ किंवा ‘कमाल लेव्हलला नेलेला पहिला जॉब’ विचारावं लागतं. ‘स्कायरिम’मध्ये क्लास नाहीतच, लोक ज्याला लपून बाण मारणारा तिरंदाज म्हणतात ती खेळण्याची सवय आहे, आणि तिला क्लासच्या यादीत घुसवलं की आवळ्या-भोपळ्याची मोट बांधल्यासारखं होतं. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये विदर्स नावाचं पात्र शंभर सोन्याच्या नाण्यांत क्लास बदलून देतं, त्यामुळे तिथे सुरुवातीची निवड आणि शेवटचा क्लास हे दोन स्वतंत्र रकाने हवेत.

तिसरी पायरी: गट पाडा, आणि एकापेक्षा जास्त प्रकारे पाडा

बारा किंवा तेरा सुटे क्लास पाहून फारसं काही कळत नाही. गट पाडले की आवडीची दिशा दिसू लागते. मात्र गट पाडण्याच्या प्रत्येक रीतीत कोणाचा तरी फायदा दडलेला असतो.

सगळ्यात जुनी रीत वंशावळीची. १९७४ च्या मूळ डी अँड डीमध्ये तीनच क्लास होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. १९७५ च्या पुरवण्यांतून थीफ, पॅलाडिन, मंक आणि असॅसिन आले, ड्रुइड १९७६ मध्ये खेळाडूंचा क्लास झाला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे सगळं वॉरियर, विझर्ड, प्रीस्ट आणि रोग अशा चार घरांत बसवलं. आजचा कोणताही क्लास या चारांपैकी कोणाचा वारस आहे, हे विचारलं की बहुतेकांना जागा सापडते. बार्ड (गाण्या-काव्यातून जादू करणारा) आणि मंक (हातापायांनी लढणारा साधू) मात्र कुठेच नीट बसत नाहीत. त्यांच्यापाशी भांडण ठरलेलं.

२०२२ मध्ये नव्या नियमांच्या चाचणीत हीच कल्पना पुन्हा आली होती. एक्स्पर्टमध्ये बार्ड, रेंजर (रानावनातला शिकारी), रोग. मेजमध्ये सॉर्सरर, वॉरलॉक, विझर्ड. प्रीस्टमध्ये क्लेरिक, ड्रुइड, पॅलाडिन. वॉरियरमध्ये बार्बेरियन (संतापाच्या भरात लढणारा), फायटर, मंक. अंतिम पुस्तकात ही विभागणी ठेवली नाही. मोजणी करणाऱ्याला मात्र ती सोन्यासारखी आहे, कारण चारही गटांत बरोब्बर तीन-तीन क्लास आहेत आणि बेरीज थेट ताडून पाहता येते.

दुसरी रीत लढाईतल्या कामाची. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ती उघडपणे पुस्तकात छापली: मार अंगावर घेणारा डिफेंडर, जबर घाव घालणारा स्ट्रायकर, साथीदारांना सावरणारा लीडर, रणांगण ताब्यात ठेवणारा कंट्रोलर. ऑनलाइन खेळांतली टँक (मार झेलणारा), हीलर (जखमा बऱ्या करणारा), डीपीएस (घाव घालणारा) ही त्रयी याच जातीची. आजच्या टेबलवरच्या खेळाला ही रीत थोडी तंग पडते. पाचव्या आवृत्तीचा क्लेरिक कोणता देव निवडतो त्यावर तो हीलर होईल, चिलखती योद्धा होईल किंवा आग ओकेल. कामानुसार मोजायचं असेल तर क्लासवरून अंदाज बांधू नका, खेळाडूलाच विचारा: ‘पार्टीत तुझं मुख्य काम काय?’

तिसरी रीत शक्तीच्या उगमाची: शस्त्रविद्या, गूढविद्या, दैवी, निसर्ग. वाचायला ही सगळ्यात सुंदर. पण आवृत्ती बदलली की क्लास घर बदलतात. चौथ्या आवृत्तीतला रेंजर निव्वळ शस्त्रविद्येचा होता, त्याला मंत्र नव्हते. पाचव्या आवृत्तीत तो ड्रुइडसारखी निसर्गाची जादू करतो. तेव्हा कोणत्या आवृत्तीचा रेंजर ते लिहायला विसरू नका.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या ऑनलाइन खेळात चिलखताच्या जातीवरून, म्हणजे कापड, चामडं, कड्या आणि पत्रा अशी वाटणीही चालते. आणखी एक रीत फारशी कोणी वापरत नाही, मला ती सगळ्यात बोलकी वाटते: खेळायला किती अवघड. एका वळणात खेळाडूला किती निर्णय घ्यावे लागतात, यावर सोपा, मध्यम, अवघड असे तीन गट पाडा. चॅम्पियन सबक्लासचा फायटर आणि बार्बेरियन एका टोकाला. विझर्ड आणि ड्रुइड दुसऱ्या. मग नव्या आणि मुरलेल्या खेळाडूंच्या याद्या वेगळ्या काढून पाहा. क्लासच्या गोष्टीमुळे किती जण येतात आणि सोपेपणामुळे किती, याचा थोडा तरी उलगडा होतो.

आता गटांची बेरीज. इथे सर्रास घोळ होतो. चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकात आठ क्लास होते: तीन स्ट्रायकर, दोन डिफेंडर, दोन लीडर आणि कंट्रोलर फक्त एक, विझर्ड. समजा एखाद्या मोजणीत स्ट्रायकर ४२ टक्के आणि कंट्रोलर १५ टक्के आले (आकडे काल्पनिक आहेत, हिशेब समजावा म्हणून). स्ट्रायकर किती पुढे, असं वाटतं. पण आठांपैकी तीन क्लास त्यांचे, म्हणजे कोणतीही आवडनिवड नसती तरी ३७.५ टक्के त्यांना मिळायलाच हवे होते. ४२ ला ३७.५ ने भागलं की १.१२. कंट्रोलरची अपेक्षा १२.५, तेव्हा १५ भागिले १२.५ म्हणजे १.२. दर क्लासमागे कंट्रोलरचीच ओढ जास्त निघाली. हा भागाकार प्रत्येक गटासाठी करा. एकच्या वर आलं तर अपेक्षेपेक्षा जास्त, खाली आलं तर कमी.

पण या भागाकाराची दुसरी बाजूही आहे. १९७४ मध्ये जादूगार व्हायचं तर एकच दार होतं. आज विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक अशी तीन आहेत, बार्ड धरला तर चार. शंभरांतल्या चोवीस जणांना मुळात ‘जादू करणारा’ हवा असेल आणि ते तीन क्लासमध्ये सारखे विभागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात. तिकडे ‘तलवार घेऊन पुढे जाणारा’ हवा असलेल्यांपैकी बरेचसे एकट्या फायटरकडे जातात, आणि तो तेरा टक्क्यांनी पहिला येतो. फायटरच्या पहिल्या नंबरात या फाटाफुटीचा हात किती, हे गटाची एकूण बेरीज पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकूण बेरीज आणि दर क्लासमागचा आकडा, दोन्ही शेजारी शेजारी द्या.

चौथी पायरी: आकडे आणा आणि त्यांचा कल ओळखा

आयते आकडे वापरणार असाल तर त्या ठिकाणी खेळाडूसमोर नेमकं काय मांडलं होतं ते आधी तपासा.

फुकट काय होतं? पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधल्या मोफत मूळ नियमांत चारच क्लास होते: क्लेरिक, फायटर, रोग, विझर्ड. पुढे खुल्या नियमसंचात बाराही क्लास आले, पण प्रत्येकी एकच सबक्लास घेऊन. फायटरचा चॅम्पियन, रोगचा थीफ, क्लेरिकचा लाइफ. आता एखाद्या मोफत साधनावर फायटरमध्ये चॅम्पियन भरभरून दिसला तर तो लोकांचा लाडका आहे म्हणून दिसला, असं म्हणायला आधार नाही. पैसे न देणाऱ्याला दुसरा पर्यायच नव्हता. सबक्लासचा क्रम लावायचा तर सगळी पुस्तकं उपलब्ध असलेल्या खेळाडूंचाच लावा.

कधीपासून होतं? आर्टिफिसर (जादूची यंत्रं बनवणारा तेरावा क्लास) पाचव्या आवृत्तीत २०१९ मध्ये पुस्तकातून आला, बाकीचे बारा २०१४ पासून आहेत. आजवरच्या एकूण बेरजेत आर्टिफिसर मागे असणारच. सगळ्यांसाठी एकच कालखंड घ्या, एक वर्ष किंवा सहा महिने. नवा क्लास आल्यावर पहिल्या काही आठवड्यांचे आकडेही सोडून द्या. नव्याची नवलाई ओसरू द्या.

कोणाला बंदी होती? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ पासून २००७ च्या पहिल्या विस्तारापर्यंत अलायन्स आणि होर्ड या दोन विरोधी बाजूंपैकी पॅलाडिन फक्त अलायन्सला आणि शामन हा क्लास फक्त होर्डला मिळत असे. त्या काळातला पॅलाडिन आणि योद्धा यांची तुलना करायची तर अलायन्सपुरतीच करा. २०२२ मध्ये आलेला इव्होकर हा क्लास एकाच वंशाला खुला होता, हीही तशीच गोष्ट.

आणि शेजारी कोण होतं? इथे आपण सुरुवातीच्या कोड्याकडे येतो. ‘बाल्डर्स गेट ३’ चे सहा मुख्य सोबती पाहा: लेझेल फायटर, शॅडोहार्ट क्लेरिक, गेल विझर्ड, अस्टारियन रोग, विल वॉरलॉक, कार्लाक बार्बेरियन. चोर, वैद्य, योद्धा, पंडित सगळे आयते मिळतात. मग स्वतःसाठी माणूस या सहांत नसलेलं काहीतरी घेतो. शिवाय त्या खेळात बहुतेक संवाद तुमचं पात्र बोलतं, तेव्हा करिष्मा हा गुण वापरणारा क्लास सोयीचा पडतो, आणि पॅलाडिन व सॉर्सरर दोघांचीही भिस्त करिष्म्यावर आहे. टेबलवर मात्र बोलणारं तोंड पार्टीतल्या कोणाचंही असू शकतं. हे माझं स्पष्टीकरण आहे, सिद्धांत नाही. लेझेल पार्टीत असूनही फायटर वरच राहिला, म्हणजे पोकळी भरण्याच्या ओढीने सगळं उलगडत नाहीच. तरीही सोबती देणाऱ्या खेळाचा आकडा आणि टेबलवरचा आकडा एकाच रकान्यात कधीही मिसळू नका.

पाचवी पायरी: स्वतः विचारणार असाल तर

प्रश्न मोजके ठेवा. मला पाच पुरेसे वाटतात:

- तुम्ही शेवटचं जे पात्र निदान तीन सत्रं खेळलात, त्याचा क्लास कोणता?
- तो स्वतःहून घेतला, की पार्टीला गरज होती म्हणून?
- पुढचं पात्र कोणत्या क्लासचं करायला आवडेल? पहिले तीन, क्रमाने.
- आजवर कोणकोणते क्लास खेळून पाहिले?
- त्यांतले कोणते एकापेक्षा जास्त वेळा?

पहिला प्रश्न वागणं सांगतो, तिसरा इच्छा. दुसऱ्या प्रश्नाने गळ्यात पडलेले क्लेरिक बाजूला काढता येतात. ‘तुमचा आवडता क्लास कोणता?’ असा सरळ प्रश्न मी टाळतो. लोक त्याचं उत्तर स्वतःची ओळख म्हणून देतात. दहा वर्षांपूर्वी एकदा खेळलेला आणि मनात बसलेला मंक अजून आवडता असतो, पण पुन्हा कधी घेतलेला नसतो.

पर्यायांची यादी प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दिसेल अशी व्यवस्था करा. बहुतेक फॉर्म बनवणाऱ्या साधनांत ती असते. वर्णक्रमाने ठेवलं तर पहिल्या दोन-तीन नावांना फुकटचा लाभ मिळतो. सत्र चालवणाऱ्या डीएमची उत्तरं वेगळी ठेवा, कारण तो वर्षभर टोळ्या आणि ड्रॅगन खेळवत असतो, स्वतःचं पात्र नाही. होमब्रू, म्हणजे खेळाडूंनी घरीच रचलेल्या, क्लाससाठी ‘इतर’ असा एक रकाना पुरे. आणि उत्तरं कुठून गोळा केली ते लिहून ठेवा. फक्त विझर्डप्रेमींच्या कट्ट्यावर विचारून विझर्ड पहिला आला तर त्यात शोध कसला?

सहावी पायरी: मतांवरून क्रम

पाचामुखी परमेश्वर खरा, पण त्या पाच मुखांची गोळाबेरीज कशी करता त्यावर परमेश्वर बदलतो. एक छोटं काल्पनिक उदाहरण बघा. वीस जणांनी तीन क्लास पसंतीच्या क्रमाने लावले:

- आठ जण: फायटर, मग रोग, मग विझर्ड
- सात जण: विझर्ड, मग रोग, मग फायटर
- पाच जण: रोग, मग विझर्ड, मग फायटर

फक्त पहिली पसंती मोजली तर फायटर ८, विझर्ड ७, रोग ५. बहुतेक ठिकाणी हीच यादी छापली जाते.

आता फ्रेंच गणिती बोर्दा याने १७७० मध्ये मांडलेली गुणांची रीत लावा. पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला शून्य. फायटरला १६. विझर्डला सातांचे चौदा आणि पाच दुसऱ्या पसंतीचे, एकूण १९. रोगला ८ अधिक ७ अधिक १०, म्हणजे २५. यादी अख्खी उलटली. रोग पहिला, फायटर शेवटचा, मतं तीच.

काँडॉर्सेने १७८५ मध्ये सुचवलेली जोडीजोडीची कुस्ती लावून पाहा. रोग विरुद्ध फायटर: १२–८. रोग विरुद्ध विझर्ड: १३–७. विझर्ड विरुद्ध फायटर: १२–८. इथेही रोगच सगळ्यांना हरवतो. फायटरला जिवापाड मानणारे आठ आहेत, पण उरलेल्या बारांच्या यादीत तो शेवटी आहे. रोगला ‘माझा एकमेव’ म्हणणारे थोडे असले तरी तो शेवटी कोणाच्याच यादीत नाही.

यातली बरोबर रीत कोणती, ते पहिल्या पायरीतल्या वाक्यावर ठरतं. ‘पुढच्या सत्रात टेबलवर काय दिसेल?’ असं विचारत असाल तर पहिली पसंती मोजा, कारण माणूस एका वेळी एकच पात्र खेळतो. ‘कोणता क्लास सर्वांना चालतो?’ असं असेल तर जोडी किंवा गुण. नव्या खेळाडूंसाठी तयार पात्रं बनवायची असतील तर मी जोडी किंवा गुणांचीच रीत घेईन.

बारा क्लास क्रमाने लावायला सांगितलं की लोक चौथ्यानंतर कंटाळतात आणि पुढचं काहीही टाकतात. त्यावर उपाय म्हणजे एका वेळी दोनच क्लास दाखवून ‘यांतला कोणता घ्याल?’ विचारणं. बारा क्लासच्या जोड्या ६६ होतात, आर्टिफिसर धरला तर ७८. प्रत्येकाला त्यांतल्या पंधराएक यदृच्छेने दाखवा आणि प्रत्येक क्लास किती टक्के लढती जिंकला ते काढा. उत्तरं पुष्कळ असतील आणि जोड्या विषम वाटल्या गेल्या असतील, तर बुद्धिबळातली ईलो पद्धतही (प्रत्येक हार-जितीवर गुण वर-खाली करणारी) चालते. कमी उत्तरांत साधी टक्केवारी बरी.

सातवी पायरी: जवळच्या आकड्यांना वेगळं करू नका

पाचवा क्लास ८.६ टक्के आणि सहावा ८.१ टक्के. यांत पाचवा खरंच पुढे आहे का? साधारण आठ टक्के वाटा असलेल्या क्लाससाठी, नमुना यदृच्छेने निवडलेला असेल तर, ९५ टक्के विश्वासपातळीला चूक अशी येते: शंभर उत्तरांत वर-खाली ५.३ टक्के, चारशेंत २.७, हजारांत १.७. म्हणजे हजार उत्तरं असली तरी ८.६ आणि ८.१ यांना एकाच पायरीवर ठेवावं लागतं. शंभर उत्तरांत तर पहिला आणि शेवटचा एवढंच काय ते सांगता येईल, तेही नशीब असेल तर. आणि स्वेच्छेने भरलेल्या फॉर्मचा नमुना यदृच्छेचा नसतोच, तेव्हा खरी चूक याहून मोठी धरा.

हिशेब करायचा असेल तर: वाटा गुणिले एक वजा वाटा, भागिले उत्तरांची संख्या, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६. स्प्रेडशीटमध्ये एक रकाना.

याचा व्यवहारातला अर्थ असा की १ ते १२ असे क्रमांक देऊच नका, पायऱ्या पाडा. टक्केवारी उतरत्या क्रमाने लावा आणि शेजारच्या दोन आकड्यांतली फट कुठे मोठी आहे ते पाहा. जिथे फट चुकीच्या मर्यादेपेक्षा मोठी, तिथे रेघ मारा. कधी तीन पायऱ्या पडतील, कधी दोनच. प्रत्येक पायरीवर सारखे क्लास बसवायचा हट्ट नको. एका पायरीवर एकटा फायटर आणि खालच्या पायरीवर नऊ क्लास, असं निघालं तर तसंच छापा.

पायऱ्यांना एस, ए, बी अशी अक्षरं द्यायचा मोह होतो. मी देत नाही. ती अक्षरं ताकदीच्या टिअर लिस्टमधून (ताकदीनुसार श्रेणी लावणाऱ्या याद्यांतून) आली आहेत, आणि वाचणारा डोळे झाकून ‘बी म्हणजे दुबळा’ असं वाचतो. ताकद आणि लोकप्रियता एका रेषेत चालत नाहीत. वरच्या लेव्हलचा विझर्ड जग उलटंपालटं करू शकतो, तरी साध्या फायटरने त्याला मोजणीत मागे टाकलंच. ‘सगळीकडे दिसणारे’, ‘नेहमीचे’, ‘निवडक’, ‘क्वचित’ अशी नावं काम भागवतात.

आठवी पायरी: पसारा आणि ओढ

एकाच आकड्याने दोन फार वेगळे क्लास सारखे दिसू शकतात, म्हणून मी शेवटी दोन अक्षांचा नकाशा काढतो. आडव्या अक्षावर पसारा: किती टक्के खेळाडूंनी तो क्लास एकदा तरी खेळला. उभ्यावर ओढ: खेळलेल्यांपैकी किती टक्क्यांनी तो पुन्हा घेतला. पाच प्रश्नांतल्या शेवटच्या दोन उत्तरांवरून हे दोन्ही निघतात.

पसारा मोठा, ओढही मोठी, तो खेळाचा कणा. पसारा मोठा पण ओढ कमी, तर तो बहुधा पहिलं पात्र म्हणून घेऊन पुढे सोडून दिला जातो, किंवा गरजेपोटी घेतला जातो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून या दोहोंतलं नेमकं काय ते पडताळा. पसारा छोटा, ओढ मोठी, हे निष्ठावंतांचे क्लास: येणारे थोडे, पण आले की जात नाहीत. साध्या यादीत ते तळाला दिसतात आणि लोक त्यांना पडेल ठरवतात. चौथा कोपरा, दोन्ही कमी, तिथे नियमांत काही अडचण आहे का ते बघावं. ओढ काढताना एकच पात्र खेळलेल्यांना वगळा, त्यांना पुन्हा घेण्याची संधीच मिळालेली नाही. आणि ज्या क्लासला तीसपेक्षा कमी जणांनी खेळून पाहिलंय त्याचा ठिपका नकाशावर पोकळ काढा, म्हणजे तो कच्चा आहे हे दिसेल.

छापताना

यादीच्या वर चार गोष्टी एका ओळीत द्या: खेळ आणि आवृत्ती, उत्तरांची संख्या, कालखंड, आणि मिश्र पात्रं कशी मोजली. खाली गटांचा तक्ता, एकूण वाटा आणि दर क्लासमागचा भागाकार अशा दोन रकान्यांसह. नव्या आणि जुन्या खेळाडूंच्या याद्या शेजारी लावता आल्या तर उत्तमच. मतभेद तिथेच पिकतात.

नवं पुस्तक किंवा नवी आवृत्ती आली की मोजणी नव्याने करा आणि जुनी फाइल तारखेसह बाजूला ठेवा. दोन्हींची बेरीज करू नका. २०१४ चा रेंजर आणि २०२४ चा रेंजर नावाने एक असले तरी नियम बदललेले आहेत, आणि त्या बदलाने किती जण परत आले हे दोन वेगळ्या रकान्यांतच दिसेल.